शाडूची कंबर

१९९४ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा. पेणजवळच्या जोह्यातल्या माझ्या कारखान्यात गणपतींच्या रांगेत एक बाईची कंबर वाळत होती.

कंबर म्हणजे नुसती हाडं. पेणच्या एका डॉक्टरीणबाईंची ऑर्डर. त्या रोह्याकडच्या गावांत बायांचे कॅम्प घ्यायच्या. कागदावरचं चित्र काढलं की बाया तोंडाला पदर लावून जमीन बघायच्या. हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी डॉक्टरीणबाईंना हवं होतं. मी शाळा तिसरीत सोडली, पण शाडू, म्हणजे मूर्तीची माती, माझ्याएवढी तालुक्यात कोणाला कळत नाही. हे गिऱ्हाईकंच म्हणतात. मी ऑर्डर घेतली.

हाडं झकास झाली. बाईंनी ती फिरवून बघितली, मग उलटी केली.

"काका, हा खालचा तळ बंद का केलात?"

"बूड पक्कं असलं की मूर्ती कलंडत नाय."

"मग मूल कुठून येणार?"

माझा कारागीर रंगाचा डबा घेऊन बाहेर गेला. मी म्हणालो, "एक भोक ठेवतो."

"तीन लागतात. लघवीचं, बाळाचं आणि शौचाचं."

मला पाच पोरं. मी कशाला हरतोय? "माझ्या माहितीत दोन हायेत," मी म्हणालो.

"तुमच्या माहितीत असू देत. मूर्तीत तीन ठेवा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हा तळ हाडाचा नसतो, मांसाचा असतो. पोराला निजवायची झोळी असते तसा. वर लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी, आतडं, सगळा भार त्या झोळीवर. बाळंतपणांनी, डोक्यावरच्या ओझ्यांनी झोळी सैल पडली की खोकताना लघवी सुटते, कधी अंग, म्हणजे गर्भाची पिशवीच, बाहेर येतं. काही बायांचं उलटं. टाके पडलेले असतात, मनात धास्ती बसते, आणि झोळी आवळते ती सुटतच नाही. मग नवरा जवळ आला की सुरी फिरवल्यासारखं दुखतं. अशा बाईनं जोर लावायचा नसतो, सोडायला शिकायचं असतं. त्याला महिने लागतात, आणि तोवर नवऱ्यानं थांबायचं असतं.

शाडू काही आवळत नाही. म्हणून मी सायकलच्या ट्यूबची झोळी केली आणि तिला दोऱ्या लावल्या. ओढली की आवळते, सोडली की सुटते. ही अक्कल माझी, बाईंची नव्हे.

बाई हे समजावत होत्या तेव्हा मागं माझी लेक निर्मला गणपतींची पितांबरं रंगवत होती. बाळंतपणानंतर ती रोह्याला सासरी गेली आणि शिमग्यात मूल घेऊन परत आली. सासरचं म्हणणं एकच, नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. व्याह्यांनी भगत आणला. तो म्हणाला करणी आहे, आणि एक कोंबडी घेऊन गेला. माझ्या बहिणीनं अंगारा आणला. पारावरच्या माणसांनी दोन फटक्यांचा इलाज सुचवला. इलाज सगळ्यांकडे तयार होते, त्यामुळे कुठं दुखतं हे तिला विचारायची कोणाला गरज पडली नाही.

निर्मलाचा ब्रश थांबला. "बाई, टाक्यांनंतर वरीस झालं तरी असं व्हतं?"

बाई तिला घेऊन मागच्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. "काका, ही नाटक करत नाही. हिला खरंच दुखतंय. बरं होईल. पण हिच्या नवऱ्याला घेऊन या."

नवरा येणारच होता, पण रविवारी, आणि सोडचिठ्ठीचं बोलायला.

रविवारी व्याही, त्यांचे दोन भाऊबंद आणि जावई सुरेश आले. आमच्याकडे पाहुणे कारखान्यातच बसतात. कंबरेवर धूळ नको म्हणून फडकं टाकलं होतं. एका भाऊबंदानं सवयीनं फडक्याला हात जोडले. मी जोडू दिले.

व्याही म्हणाले, "तुमची पोरगी नांदत नाय. आमी कवर थांबायचं?"

मी फडकं काढलं. "ही बाईची कंबर. ही झोळी." दोरी ओढली. "तुमच्या सुनेची अशी आवळून बसलीय. जावईबापू, तुमी कंपनीत मशीनवर असता. आता हितं जोर लावला तर काय व्हईल?"

सुरेशनं नीट बघितलं. "फाटंल."

हात जोडणाऱ्यानं हात धोतराला पुसले. व्याही उठले. "लाज हाय का नाय? चार माणसांत हे दाखवताय?"

"चार माणसांत बोललात तुमी, व्याही. मी फक्त जागा दाखवली."

दुसऱ्या भाऊबंदाला एस्टीची घाई झाली. एस्टीला अजून तास होता.

सुरेशनं दोरी हातात घेतली. ओढली, सोडली. दारात निर्मला उभी होती. "तू बोलली का नायस?" त्यानं विचारलं.

"बोलली व्हते. तुमी म्हणलात, सगळ्या बायांना दुखतं."

सुरेशनं दोरी हळूच खाली ठेवली. मग मला म्हणाला, "डॉक्टरीणबाई उद्या असतात का?"

व्याही चहा न घेता गेले. सुरेश राहिला. पुढं दिवाळीनंतर निर्मला रोह्याला नांदायला गेली. तोवर ती शिकली आणि तो थांबला. बाई म्हणाल्या, अर्धं औषध त्याचं थांबणंच. व्याही आजही म्हणतात की कोंबडीनं गुण आला. मी एवढंच शिकलो की ऑर्डर घेताना बुडाचं आधी विचारून घ्यावं.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. मी तिला सांगितलं, कसं सगळ्यांना समजावलं, कशी बोलती बंद केली.

"सैल झोळीचं सांगितलंत?" तिनं विचारलं.

"ते कशाला? ते आपल्याकडं नव्हतं."

"माझं अंग बाहेर येतं," ती म्हणाली. "धाकट्याच्या येळेपासून. हातानं आत सारते आणि पाण्याला जाते." घरातलं रॉकेल संपलं असं सांगावं तसं तिनं सांगितलं, आणि भाकरी उलटली.

धाकटा तेव्हा मिशा कोरायला लागला होता.

मी कारखान्याला कुलूप लावलं. लेक-जावयाच्या मागच्या सीटवर तिला घेऊन पेणच्या एस्टीत बसलो. वाटेत ती म्हणत होती, "मला कशाला? मला काय झालंय एवढं?"

"गप बस गो," मी म्हणालो. "तुला काय कळतंय त्यातलं."