दुसऱ्या ट्रेमधल्या फ्रेमा

दुकानात तिला सगळे धुकं म्हणत. नाव दुकानदारकाकांनी ठेवलं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती लोकांच्या काचा फ्रेमच्या मापाला घासायची. इतरांना स्वच्छ दिसावं म्हणून राबणारी ही बाई स्वतः मात्र बोलता बोलता कुठेतरी निघून जायची. काच चाकावर फिरत राहायची, वरून पाण्याची बारीक धार पडत राहायची, दुधासारखं पांढरं पाणी खालच्या कुंडीत साचायचं, आणि ही तिथे नसायचीच. "धुकं, अगं काच झाली का?" अशी हाक आली की परत यायची. काच कधी बिघडलेली नसायची. हात जागे असायचे, बाकीची ती झोपेत.

चाळिशी ओलांडलेली होती, लग्न केलं नव्हतं. घरी वडील. ते शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. निवृत्त झाल्यावर त्यांची दुपार समोरच्या औषधांच्या दुकानातल्या कंपाउंडरबरोबर बुद्धिबळात जायची. दोघं खेळताना एकमेकांचा उद्धार करायचे आणि डाव संपला की एकमेकांच्या पाठीवर थाप मारायचे. मग कंपाउंडर मुलाकडे दूरच्या शहरात राहायला गेला. वडिलांनी पट पलंगाखाली सरकवला. हळूहळू त्यांचं बोलणंही त्या पटाबरोबर पलंगाखाली गेल्यासारखं झालं. काही विचारलं की "हं" आणि "बरं", एवढंच.

धुकंने त्यांना फोनवर बुद्धिबळ लावून दिलं. काही दिवसांनी त्यांनी फोन परत केला.

"हा विचारच करत नाही गं," ते म्हणाले. "मी हात काढतो न काढतो, तोच थोबाडीत मारल्यासारखी चाल. समोर कुणी बसलंय असं वाटायला नको का?"

त्या वर्षी ती वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गाला जात होती. खरं म्हणजे तिथल्या उंच खिडक्या आवडल्या म्हणून जात होती. संध्याकाळचा उजेड तिरपा येऊन सगळ्यांच्या बोटांवर पडायचा आणि शिकवणाऱ्या बाईंचा आवाज मऊ होता. बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय बनवायचंय?"

"बाबांसाठी कंपाउंडर," ती म्हणाली.

सगळा प्रकार ऐकून घेतल्यावर बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एक झाड काढलं. खोडाशी आत्ताचा डाव. प्रत्येक फांदी म्हणजे आपली एक चाल. फांदीला फुटलेल्या फांद्या म्हणजे समोरच्याची उत्तरं. पुढे पुन्हा आपण, पुन्हा तो. ठरवल्या तितक्या चालींनी टोकाला पोचलं की पटावर कुणाचं काय उरलं ते मोजायचं. आपली पाळी असेल तिथे आपण सर्वांत चांगली फांदी धरणार. त्याची पाळी असेल तिथे तो आपल्याला सर्वांत वाईट पडेल ती धरणार. एवढं यंत्राला सांगितलं की ते खेळतं.

धुकंने ते सांगितलं, आणि एका रविवारी दुपारी वडिलांनी पट बाहेर काढला. संगणक टेबलावर, पट त्याच्या पुढ्यात; पडद्यावर उत्तर आलं की तिने यंत्राची चाल पटावर करायची. वडिलांनी प्यादं पुढे टाकलं. यंत्र विचार करू लागलं. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत आला, बाहेर गेला. चहावर साय धरली. वडिलांची मान छातीवर उतरली. धुकंलाही गुंगी आली, आणि त्या गुंगीत तिला ते झाड दिसलं. पान अन् पान हलत होतं, आणि कुणीतरी दिवा घेऊन एकेका फांदीच्या टोकापर्यंत जात होतं, पान उलटून पाहत होतं, पुन्हा मागे येत होतं. जराही घाई नव्हती.

"खेळला का?" जाग आल्यावर वडिलांनी विचारलं.

"अजून नाही."

"बरंय. विचार करतोय." आणि ते पुन्हा झोपले.

असे किती रविवार गेले. एक डाव म्हणून पुरा झाला नाही. शेवटी तिने बाईंकडे गाऱ्हाणं नेलं. बाई म्हणाल्या, "छाटणी करा," आणि काही ओळी लिहून दिल्या. ओळी घातल्यावर यंत्र चटकन उत्तर देऊ लागलं. पण गंमत पुढेच होती. तिने जुना आणि नवा प्रोग्रॅम एकाच डावावर चालवून पाहिला. जुना सगळं झाड पालथं घालायचा, नवा बहुतेक फांद्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही. आणि चाल दोघांची तीच. दुसरा डाव मांडला, तिसरा मांडला. तीच.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिच्या मनाला मात्र काटा लागला.

"न बघता कसं कळतं त्याला?" तिने बाईंना विचारलं.

"हा अंदाज नाहीये," बाई म्हणाल्या. "उत्तर बदलूच शकत नाही."

"पण छाटलेल्या फांदीवर काही फार चांगलं असलं तर?"

"असेल की. समोरचा तुम्हाला तिथवर जाऊ देणार नाही."

बाईंनी आकडे घालून पुन्हा समजावलं. धुकंने मान हलवली. शब्द सगळे कळले, पण आत काही उतरलं नाही. तिचा पिंडच तसा होता. न पाहिलेली गोष्ट तिला सोडवत नसे. तरुणपणी दूरच्या एका गावी काचकामाच्या शाळेत तिला जागा मिळाली होती. नेमकी आई आजारी पडली आणि जाणं राहून गेलं. त्या कधीही न पाहिलेल्या गावाच्या गल्ल्या तिला अजून पाठ होत्या. चाकावर काच फिरत असली की ती तिथल्याच एखाद्या पुलावर उभी असायची. अशा बाईला, फांदी न बघता तोडली तरी चालते, हे कुणी कितीही सांगितलं तरी कसं पटावं?

आणि मग एका दुपारी दुकानात एक आई आणि तिची मुलगी आल्या. वाटेत भांडून आल्या होत्या हे दिसतच होतं. मुलगी आरशाकडे तोंड करून फुगून उभी होती.

"आमचं ठरलंय," आई काकांना म्हणाली. "ट्रे मी निवडणार, त्यातली फ्रेम ही निवडणार. मग कुणी कुरकुर करायची नाही."

काकांनी पहिला ट्रे काचेच्या काउंटरवर ठेवला. धुकं मागच्या दारात ओले हात पुसत उभी होती.

आईने त्यातली एकेक फ्रेम उचलून पाहिली, अगदी शेवटपर्यंत. सर्वांत नावडली ती एक तपकिरी, जरा जास्तच गोल. "ही घेतली तरी चालेल," ती पुटपुटली. "आजोबांसारखी दिसेल, पण चालेल."

दुसरा ट्रे आला. पहिलीच फ्रेम जांभळी, फुलपाखराच्या आकाराची, काड्यांवर चमचमते खडे. आईने ट्रे तिथल्या तिथे बाजूला सारला.

"अहो, पुढच्या बघा तरी," काका म्हणाले. "यात एक इतकी सुरेख आहे..."

"असेल."

"बघायला काय जातंय?"

"बघून काय करू, काका? माझा जीव जाळायला हिचा हात त्या जांभळीवरच पडणार. तुमची सुरेख फ्रेम ट्रेमध्येच राहील."

"याहून भयंकरपण असेल त्यात," मुलगी आरशातूनच म्हणाली.

"असू दे ना. मग तू ती घेशील. त्या गोल फ्रेमवर माझं भागतंय; त्याहून वाईट एक या ट्रेमध्ये सापडली, तिथेच हा ट्रे गेला. आणखी किती वाईट आहे ते कशाला मोजत बसू?"

धुकंचे हात फडक्यात तसेच थांबले.

ट्रे म्हणजे आपली चाल. फ्रेम म्हणजे समोरच्याचं उत्तर. न पाहिलेल्या फ्रेमांमध्ये काय असू शकत होतं? चांगल्या असल्या, तर मुलगी त्यांना हात लावणार नाही. जांभळीहून वाईट असल्या, तर ट्रे आणखी खाली जाईल. त्या राहिलेल्या फ्रेमांमुळे तो वर येण्याची वाटच नव्हती. सगळ्या पाहिल्या असत्या तरी आईने पहिलाच ट्रे घेतला असता. आई डोळे मिटून अंदाज बांधत नव्हती. तिने पुरेसं पाहिलं होतं.

तिसऱ्या ट्रेमध्ये दोन फ्रेमा बऱ्या निघाल्या, तिसरी पोपटी, आणि तोही ट्रे सरकवला गेला. धुकंच्या आणखी एक लक्षात आलं. काकांनी जांभळीचा ट्रे सगळ्यांत आधी आणला असता, तर हातात तुलनेला काहीच नसल्यामुळे आईला तो शेवटपर्यंत बघावा लागला असता. बरा ट्रे आधी आला म्हणून बाकीचे इतक्या झटपट निकालात निघाले. दुकान, काउंटर, आरसे सगळं तिला पाण्याखाली असल्यासारखं हलकं वाटू लागलं.

"घे," आई म्हणाली आणि तिने पहिला ट्रे मुलीपुढे ठेवला.

मुलीचं बोट गोल तपकिरीवर टेकलं, तिथे जरा रेंगाळलं आणि पुढे गेलं. तिने एक बारीक करड्या काड्यांची फ्रेम उचलली. मघाशी आईने उजेडाकडे धरून सर्वांत जास्त वेळ पाहिली होती, तीच.

आईने विचारलं, "आवडली म्हणून घेतेयस?"

"हो. तुला नाही आवडली?"

"आवडली."

"मग झालं तर."

त्या मुलीच्या काचा धुकंने त्याच दुपारी घासल्या, आणि त्या दिवशी ती कुठेही गेली नाही. संध्याकाळी तिने बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी खुर्चीत मागे टेकून ऐकलं.

"पण बाई, मुलीने सगळ्यांत वाईट घेतलीच नाही."

"मग आईचा फायदाच झाला. छाटणी म्हणते, निदान इतकं मिळेल. जास्त मिळालं तर तिची ना नाही."

"पण दुसऱ्या ट्रेमधली सुरेख फ्रेम? मुलीने कदाचित ती घेतली असती."

"हो. ती मात्र गेली," बाई म्हणाल्या. "समोरचा वाईटच बघणार हे धरून चाललं तरच हे गणित खरं. खेळात तसं धरावं लागतं. मुलीच्या बाबतीत धरायचं की नाही, ते आईने ठरवायचं."

हे उत्तर धुकंला फार आवडलं. ती वाचनालयातून लांबच्या रस्त्याने, झाडांखालून घरी गेली.

आता कळलं होतं, म्हणून तिला हातही घालता आला. बरा ट्रे आधी आणावा तसं, मोहरे मारायच्या चाली आधी तपासायच्या, साध्या मागून, असं तिने यंत्राला सांगितलं. छाटणी आणखी वाढली. वडिलांना मात्र ते चटचट उत्तर नको होतं. "याचंही त्या फोनसारखं व्हायला लागलं," ते म्हणाले. तेव्हा तिने वाचलेला वेळ यंत्रालाच परत दिला: आणखी खोल बघ. मग ते पुन्हा रेंगाळू लागलं, अगदी कंपाउंडर विडी शिलगावून ती विझेपर्यंत रेंगाळायचा तितकंच, पण खेळू लागलं पक्कं. वडील जागे राहू लागले. हरले की बडबडायचे, जिंकले की जास्त बडबडायचे. "खेळतो त्याच्यासारखाच," ते म्हणाले. "शिव्या तेवढ्या देत नाही." एकदा तर त्यांनी कंपाउंडरला फोन लावून त्याच्याशी यंत्राचीच चहाडी केली.

मग एका रविवारी यंत्राची चाल करायला ती नेहमीप्रमाणे पटाजवळ आली, तर संगणकाचा पडदा काळा होता.

"बंद का केलंत?"

"दर वेळी त्याचीच प्यादी हलवतेस," वडील म्हणाले. "आज तू बस."

ती बसली. लहानपणी शिकलेलं सगळं विसरली नव्हती. बराच वेळ पटाकडे बघत राहिली, आणि मग तिने उंट हलवला. वडिलांनी भुवया वर केल्या.

"तुझा वजीर उघडा पडला. दिसलं नाही तुला?"

"दिसलं होतं. वाटलं, तुम्ही मारणार नाही."

"का बरं? मी कशाला सोडू?" म्हणत त्यांनी तिचा वजीर उचलला, शर्टाला पुसला आणि आपल्या बाजूला उभा केला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "चल, खेळ."