तिसरी स्क्रीन

सकाळी अकरा वाजता मझौलीच्या बाजूचे आठ मटार-व्यापारी आमच्या स्टॉलसमोर उभे होते आणि आमच्या स्क्रीनवर पुरणपोळी स्पर्धेचे नियम झळकत होते. 'पुरण घरीच वाटलेले असावे.' मग 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.' मग पुन्हा पुरण.

आम्ही मटार निवडायची मशीन विकतो. जबलपूरच्या आसपास हिवाळ्यात मटारच मटार. शेंगा सोलल्यावर दाणे आकाराप्रमाणे वेगळे करायचे, याला ग्रेडिंग म्हणतात. आमच्या दुबेजींनी तीन वर्षं खपून एक नवी ग्रेडिंग मशीन बनवली होती. दाणा फुटू न देता निवडणारी. पण ती बावीस फूट लांब आणि प्रदर्शनातला स्टॉल दहा फुटांचा. म्हणून तिची फिल्म दाखवायची, माणसाएवढ्या उभ्या स्क्रीनवर. खाली चाकं असलेल्या या स्क्रीनला डिजिटल स्टँडी म्हणतात. फिल्म आत भरली की दिवसभर तीच फिरत राहते. सेठजींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, आधीच सांगून ठेवलं होतं की या प्रदर्शनात ऑर्डर आली नाही तर ही मशीन बंद. दुबेजींच्या रिटायरमेंटला दीड वर्ष उरलं होतं आणि त्यांच्या नावावर दाखवण्यासारखं हे एवढंच होतं.

मी या कंपनीत सतरा वर्षं मार्केटिंग सांभाळते. स्क्रीन भाड्याने घ्या, असं मी दोन वर्षांपूर्वी लेखी दिलं होतं. वर्षातून तीन-चारदा लागणारी वस्तू, एरवी धूळ खाणार. सेठजी म्हणाले, भाडं म्हणजे पैसा पाण्यात, आपली वस्तू ती आपली. तीन स्क्रीन विकत आल्या. त्यांची पूजा झाली, नारळ फुटला, मीही टाळ्या वाजवल्या.

आपली वस्तू आहे म्हटल्यावर काय होतं ते मी पुढे दोन वर्षं बघत आले. पहिली स्क्रीन सेठजींच्या भाचीच्या लग्नात संगीताला गेली आणि काचेला तडा घेऊन परत आली. कोणी पाडली, ते आजतागायत कोणाला माहीत नाही. दुसरी रिसेप्शनवर ठेवली. मग कोणाला तरी ती भिंतीवर बरी दिसेल असं वाटलं, म्हणून चाकं आणि स्टँड काढून ती भिंतीत ठोकली. स्टँड कुठे गेला विचारलं, तर सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मी चिडले, मेल लिहिले. उपयोग शून्य.

तिसरी मी जपून ठेवली होती. आणि ती मीच दिली.

आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी सदूकाका रेल्वेतून रिटायर झालेत, माझ्या वडिलांचे दोस्त. गणपतीच्या आधी फोन आला, "तुझ्या हाफिसात मोठी टीव्ही आहे म्हणे. दहा दिवस दे ना. आपलीच तर आहे." नाही म्हणायला जीभ वळली नाही. दहा दिवसांनी स्क्रीन तिच्या पेटीत बंद होऊन परत आली. लग्नाहून आलेल्या स्क्रीनसाठी मी अख्खं ऑफिस डोक्यावर घेतलं होतं. ही मात्र आपल्या माणसांकडून आली, म्हणून मी पेटी उघडूनसुद्धा पाहिली नाही.

ती उघडली थेट स्टॉलवर. प्लग लावला आणि पुरणपोळी सुरू झाली. फिल्म बदलायला गेले तर पिन मागितला. केबलने लॅपटॉप जोडला, तरी तोच पिन. पाच वेळा अंदाजाने आकडे टाकले. पाचव्यांदा चुकल्यावर तिने तासभर काहीही स्वीकारायचं बंद केलं. स्पर्धेचे नियम मात्र चालूच. सदूकाका लेकीकडे पुण्याला निघालेले, गाडीत, फोन लागत नव्हता.

व्यापारी भले होते. त्यांनी मला लॅपटॉप उघडायला वेळ दिला. चौदा इंचांचा पडदा, त्यावर मांडवातून येणारं ऊन आणि आठ डोकी. मटाराचा दाणा फुटतो की नाही हे त्यात कोणाला दिसणार? दुबेजी शेजारी उभे राहून हाताने बेल्ट असा हलतो, चाळणी अशी फिरते, दाखवत होते. कोणीतरी हसलं. दुबेजींनी हात खाली घेतला.

समोरच्या स्टॉलवाल्यांनी स्क्रीन भाड्याने घेतली होती. तीही त्या सकाळी बंद पडली होती. भाड्याने देणारे राकेशभैया स्वतः तिथे बसलेले. त्यांनी मागून दुसरी आणली, चहा संपायच्या आत लावली. मी धावत गेले. आणखी एक त्यांच्या मागे झाकून ठेवलेली दिसत होती. म्हटलं, अर्धा तास द्या, काय घ्यायचं ते घ्या.

"दीदी, वो स्पेयर इनके लिए है," ते म्हणाले. "इन्होंने किराया सिर्फ़ स्क्रीन का नहीं दिया."

मला त्यांचा संताप आला. मग कळलं की माणूस बरोबर बोलतोय, आणि मग जास्तच संताप आला. मी वळेपर्यंत आठही व्यापारी त्याच स्टॉलवर येऊन उभे राहिले होते.

चार वाजता सदूकाकांचा फोन लागला. "काहून ओरडून राहिली तू? लेकरं बटणं दाबून राहिली होती, म्हणून पिन लावला. माझ्या स्कूटरचा नंबर टाक ना." टाकला. पडदाभर हिरवेगार मटार धावू लागले. बघायला मी आणि दुबेजी, दोघंच होतो.

सोमवारी मीटिंग झाली. ऑर्डर एकही नाही. सेठजी म्हणाले, मशीनला मागणी नाही, विषय संपला. दुबेजी पेनाचं टोपण लावत, काढत राहिले.  मला ते सहन झालं नाही.

"मशीन किसी ने देखी ही नहीं, सेठजी," मी म्हणाले. "पूरणपोळी के नियम देखे. दो स्क्रीन आपने बाँटीं, तीसरी मैंने. इसमें दुबेजी कहाँ से आए?"

माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटली नाही.  सेठजी म्हणाले, अजून एक प्रदर्शन, शेवटचं.

त्या प्रदर्शनासाठी मी राकेशभैयांकडून स्क्रीन भाड्याने घेतली. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी ती फॅक्टरीत आली. मी पेटी उघडली, चालवली, दुबेजींना समोर बसवून पूर्ण फिल्म दाखवली. तेवढ्यात सेठजींचा फोन. घरी सत्यनारायणाची कथा आहे, बाहेरच्या लोकांना दिसायला हवं, ती स्क्रीन एका संध्याकाळसाठी पाठवून दे.

"किराये की है, सेठजी."

"अच्छा," ते म्हणाले. "तो रहने दो."

दोन वर्षं मी ज्यासाठी घसा कोरडा केला, ते एका वाक्यात झालं. भाड्याच्या वस्तूला एक मालक असतो. आपल्या वस्तूला नुसते मागणारे असतात, आणि त्यांत आपणही असतो.

त्या प्रदर्शनात दोन मशीन विकल्या गेल्या. दुबेजींनी पहिल्या मशीनवर स्वतःच्या हाताने नंबर ठोकला. तिसरी स्क्रीन सदूकाकांनी पुन्हा मागितली, मी पुन्हा दिली, आणि सध्या ती मंडळात आहे. परत मागायची मला हिंमत झालेली नाही.