ब्रोन्याच्या श्वासातला लसूण

शुक्रवारी चर्चमध्ये शेजारी बसलेल्या ब्रोन्याच्या तोंडाला लसणाचा वास आला, तेव्हापासून हेलेनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. ईस्टरच्या आधीचे उपास चालू होते. घरात सॉसेज सोडाच, लसणाची पाकळीही नव्हती.

ब्रोन्या तिची एकुलती एक लेक. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात एका वकिलाकडे कार्बन पेपर घालून तीच तीच पत्रं टाइप करायची. त्यातूनच तिला खूळ लागलं, शाईपाण्यावाचून कागदाची नक्कल काढायचं. तळघरात सेलेनियम तापवून त्याच्या वाफेचा पातळ थर धातूच्या पत्र्यावर चढवायचा, त्यावर विजेचा भार द्यायचा, उजेड पाडायचा आणि भुकटी भुरभुरायची. वर्षानुवर्षं नुसते डाग उमटले. या हिवाळ्यात मात्र अक्षरं स्वच्छ आली. खाटीक स्टाशेक ती बघून म्हणाला, "माझ्या बायकोची नक्कल काढू नकोस बाई, एकच झेपत नाही!"

घरी आल्यावर बीटाचं सूप वाढताना हेलेनानं विचारलंच, "कुणाकडे चोरून सॉसेज चापलंस गं?"

"सॉसेज कुठलं? मला हे सूपही जाईना, आई."

"मग वास कसला?"

"शेजाऱ्यांचा असेल. त्यांना कसले उपास!"

हसत ब्रोन्यानं केस मागे सारले. बोटांत झुपकाच आला. तिच्या नखांवर पांढऱ्या रेघा होत्या.

हेलेना लग्नाआधी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"सेलेनियमचं विष अंगात भिनलंय तुझ्या. श्वासाला असा वास त्यानंच येतो. तुला ठाऊक होतं?"

ब्रोन्या सुपात चमचा फिरवत राहिली. "मंगळवारी एका कंपनीचे साहेब माझं यंत्र विकत घ्यायचं का ते बघायला येणार आहेत. तोवर नवा पत्रा व्हायलाच हवा. डॉक्टर वोयतासांना कळलं तर ते तळघराला कुलूप घालतील. साहेब काही पुन्हा यायचे नाहीत, आई."

"आणि तुला काही झालं तर?"

"बुधवारी नेशील तिथे येते. तोवर कुणाला बोलू नकोस."

ती खाली गेली. यंत्रातली हवा खेचणाऱ्या पंपाची घरघर सुरू झाली, आणि पाठोपाठ खोकला. बराच वेळ तो थांबेना.

लेक आपल्याला कधी माफ करणार नाही, हे हेलेनाला पक्कं ठाऊक होतं. नको करू दे. रागवायला तरी ती असायला हवी. तिनं एप्रनला हात पुसले आणि रिसीव्हर उचलला.

"डॉक्टर वोयतासांच्या घरचा फोन जोडून द्या," ती ऑपरेटरला म्हणाली. "हो, आत्ताच."