बारदानाच्या शिवणीतला किडा

तो किडा आमच्या घरात सगळ्यांत आधी मी पाहिला, आईनं नव्हे. ही एवढीशी गोष्ट मी पुढे सहा-सात वर्षं पोटात ठेवली. आता वय झालं, लाज कुणाची धरायची? म्हणून सांगते.

संस्थान विलीन होऊन तीनेक वर्षं झाली असतील. माझे वडील जव्हारच्या दरबारी कचेरीत कारकून होते, ते एका दिवसात सरकारी कारकून झाले. टेबल तेच, दौत तीच, फक्त आज बदली होते की उद्या, याचा घोर लागलेला. गल्लीतली दोन बिऱ्हाडं ठाण्याला निघून गेली होती. आई निफाडकडची. तिला जव्हारची ओल, इथला भात, इथली नागली, काहीच कधी मानवलं नाही. नाचणीला आमच्याकडे नागली म्हणतात. तिची भाकरी आई आमच्यासाठी थापायची, पण स्वतःच्या ताटात घ्यायची नाही. दर उन्हाळ्यात तिच्या माहेराहून मामा नाशिकच्या मोटारीवर गव्हाचं एक पोतं चढवून द्यायचे. ते दारात उतरलं की आई चार घरी ऐकू जाईल अशा आवाजात हमालाला सूचना करायची. बदलीच्या त्या दिवसांत ते पोतं म्हणजे तिचा केवढा आधार होता, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त पोत्यामागून येणारं काम कळायचं.

गहू निवडून, एरंडेलाचा हात फिरवून पत्र्याच्या कोठीत भरायचे, हे आईचं. रिकामं बारदान उलटं करून काठीनं झोडपायचं, दोन दिवस कडक उन्हात टाकायचं आणि घडी करून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचं, हे माझं. मी अकरा वर्षांची. त्या वर्षी बारदान उलटं करताना शिवणीत बोट गेलं, तर आत काहीतरी वळवळलं. तपकिरी, केसाळ, तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या, आणि त्यांनी टाकलेल्या कातींचा भुसा. मला शिसारी आली. बाहेर मैत्रिणी खोळंबल्या होत्या. मी बारदान तसंच गुंडाळलं आणि फळीवर फेकलं. झालं काम!

आमच्याकडे दळण-कांडणाला एक बाई यायची. गाव जामसर. नवरा गेलेला, मुलगा जंगलात लाकूडतोडीवर. शेतीचे दिवस सोडले तर ती जव्हारच्या उतारावर बहिणीच्या झोपडीत राहायची. घरात सगळे तिला ‘जामसरची’ म्हणत. जामसरची आली का, जामसरचीला चहा द्या. तिला नाव असेल, ते विचारावं, असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले, डाव्या अंगठ्याचं टोक विळ्यानं गेलेलं. तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. आईलाही ती ‘बाय’ म्हणून अगंतुगं करायची, आणि माझी आई, जी दिराच्या लग्नात पान उशिरा वाढलं म्हणून वर्षभर अबोला धरून होती, ती हे खुशाल चालवून घ्यायची.

पहिली दोन वर्षं जामसरची मागच्या पडवीत जात्याशीच बसली. उंबऱ्याच्या आत यायची नाही, आणि ये असं कुणी म्हणायचंही नाही. तिसऱ्या वर्षी आई तापानं पडली. वडील कचेरीत, आम्ही भावंडं उपाशी. तेव्हा ही बाई सरळ आत आली, चूल पेटवली आणि आम्हाला पेज करून घातली. आई बरी झाली, पण जामसरचीला पुन्हा बाहेर बस म्हणाली नाही. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. बायच्या चुलीपर्यंत माझा हात जातो, असं जामसरची बाजारात भेटेल त्या ओळखीच्या बाईला सांगायची. तिला त्याचा फार अभिमान होता.

कार्तिकात तिच्या शेतातली नागली झोडपून व्हायची. तिच्यात रीत अशी, की नवं धान्य कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालायचं नाही. कणसरीपुढची पाटी झाली की दुसरी पाटी ती आमच्याकडे आणायची. चालत आणायची, डोक्यावर. त्या वर्षीही आणली. जमीन ओलसर म्हणून आईनं फळीवरचं बारदान काढलं, कोपऱ्यात अंथरलं आणि नागलीची पाटी त्याच्यावर ठेवली. मी बघत होते. मला बारदान आठवलं, अळ्या आठवल्या नाहीत. म्हणजे आठवल्या, पण इतक्या महिन्यांत मेल्या असतील असं मी मनाला सांगितलं.

पंधरा-वीस दिवसांनी आईला पाटीच्या भोवती किडे दिसले. तिळापेक्षा थोडे मोठे, लांबट-गोल, तपकिरी. शेजारी तसल्याच केसाळ अळ्या आणि त्यांच्या काती. आईनं असला किडा जन्मात पाहिला नव्हता. तांदळातले सोंडे ओळखीचे, डाळीतले भुंगे ओळखीचे, हा कोण? तिनं पाच-सहा किडे काड्यापेटीत घातले आणि गल्लीभर चौकशी केली. एकीनं ढेकणाचं पिल्लू म्हणून सांगितलं. दुसरीनं सांगितलं, घराला उतरती कळा लागली की असले किडे निघतात, आणि आई घरी येऊन रडली. मग वडील पेटी कचेरीत घेऊन गेले. तिथे विलीनीकरणापासून कामापेक्षा माणसं जास्त. अख्ख्या कचेरीनं दुपारभर तो किडा पाहिला. हेडक्लार्कांनी चष्मा पुसून तो लाकडातला असल्याचं जाहीर केलं, आणि मग चहा झाला. एवढं शहाणपण पाजळून झाल्यावर पेटी होती तशी संध्याकाळी घरी आली.

दुसऱ्या दिवशी जामसरचीनं ती मागून घेतली. दारातल्या उजेडात बसून तिनं एक किडा तळहातावर घेतला. फुंकर मारून उलटा केला, सोंड आहे का पाहिली. चिरडून वास घेतला. अळीचे केस नखानं विंचरले. घरात त्या किड्याकडे नीट पाहिलं ते तिनं एकटीनं. मग ती आईला म्हणाली, “बाय, यो आमचा नाय. नागलीला किडा नाय लागं.”

आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुमचा नाही तर काय आमचा, असं ती म्हणाली नाही, पण तेच तिच्या तोंडावर होतं. पाटी आली आणि किडे आले, हे तिला उघड दिसत होतं. उरलं होतं फक्त पाटीखालचं बारदान, तिच्या माहेरचं. ती माझ्याकडे वळली.

“बारदान तू झोडपून उन्हात घातलं होतंस ना?”

जामसरचीही माझ्याकडे बघत होती. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन धपाटे आणि एक वेळचं जेवण बंद, यापलीकडे काही नाही. पण मी “हो” म्हणाले.

मग आईनं सगळं मनातलं बाहेर काढलं. पाड्यावरची घाण, शेणामातीतलं धान्य, आपण डोक्यावर बसवून घेतलं हीच चूक, सगळं. शेवटी तिनं सांगितलं, उद्यापासून काम पडवीत, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. आणि ती नागलीची पाटी उचलून मागे गेली आणि उकिरड्यावर पालथी केली. जामसरची तिच्या मागोमाग गेली, मी दारात.

तिनं आईकडे बघितलं. आवाज चढवला नाही. “मला भायेर बसवतेस त बसव, बाय. दाना कशाला टाकलास?”

आई आत निघून आली. जामसरची उकिरड्यापाशी उकिडवी बसली आणि राखेतून, केरातून नागली वेचायला लागली. नागलीचा दाणा तो केवढा! मोहरीएवढा. ती मुठीनं राख उचलायची, फुंकायची, उरलेले दाणे पदरात टाकायची. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती बसली होती. मी दोनदा दारात गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती नव्हती. दुसऱ्या दिवशी दळायला आली नाही, पुन्हा कधीच आली नाही. बहिणीच्या झोपडीतूनही गेली, जामसरला, असं कळलं.

जात्यावर मग मला बसवलं. हाताला फोड आले आणि मला बरं वाटलं, आपल्याला शिक्षा होते आहे म्हणून. पण फोड बरे झाले, आणि बोलायचं राहिलं ते राहिलंच.

सतराव्या वर्षी मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेले. तिथे शेतीचे एक मास्तर होते, त्यांच्याकडे काचेच्या बाटल्यांत धान्याचे किडे होते. एक दिवस त्यांनी भिंग हातात दिलं आणि बाटली पुढे केली. मी पाहिलं, तीच तपकिरी, केसाळ अळी. त्याला खापरा म्हणतात, ते सांगत होते. हा गव्हाचा शत्रू. कोरड्या मुलखातून येतो. बारदानाच्या शिवणीत त्याची अळी काही न खाता वर्षानुवर्षं जिवंत राहते. मी विचारलं, नागलीत होतो का? ते हसले. म्हणाले, नागलीला किडा लागत नाही, डोंगरातल्या बायका ती उगीच वर्षानुवर्षं कणगीत ठेवतात का? वर्गातल्या मुलीही हसल्या. मी बाहेर जाऊन रडले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. शिवण, अळ्या, माझं ते “हो”. आई लसूण सोलत होती. ती सोलतच राहिली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

मला वाटलं, मी ऐकलं ते चुकीचं.

“त्याच शिमग्याला गव्हाची कोठी रिकामी केली. तळाला नुसता भुसा आणि तेच किडे. बारदान मी बंबात जाळलं.”

मी विचारलं, मग तिला बोलावलं का नाहीस? मला अतिशय राग आला होता, आणि तो करायचा मला काय अधिकार होता! आईनं सोललेला लसूण वाटीत टाकला. मग म्हणाली, “कुठल्या तोंडानं बोलवू?” एकाच घरात, एकाच चुलीशी, आम्ही दोघी सहा-सात वर्षं तीच गोष्ट एकमेकींपासून लपवत होतो. मला आईची कीव आली. माझीही आली.

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघी एसटीनं जामसरला गेलो. उतरलो आणि पंचाईत झाली. कुणाचं घर म्हणून विचारायचं? जामसरमध्ये सगळेच जामसरचे. आई खाली बघत उभी राहिली. मग मीच सांगत सुटले, हनुवटीवर तीन ठिपके, डावा अंगठा तुटलेला, जव्हारला दळायला जायची. एका म्हाताऱ्यानं ओळखलं आणि एका झोपडीकडे बोट केलं.

दारात तिची सून होती, कडेवर मूल. सासू गेल्याला दोन पावसाळे झाले, तिनं सांगितलं. ताप आला होता, तीन दिवसांत गेली. तुम्ही कोण, तिनं विचारलं. मी म्हणाले, जव्हारचे, त्या आमच्याकडे कामाला होत्या. सासूच्या तोंडून तिनं आमच्याबद्दल काही ऐकलं नव्हतं. बायच्या चुलीपर्यंत हात जातो म्हणून गावभर सांगणारी बाई, घरी गेल्यावर एक अक्षर बोलली नव्हती.

सुनेनं पाणी दिलं. आम्ही उठलो तेव्हा ती आत गेली आणि सूपभर नवी नागली घेऊन आली. घरी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही म्हणून. आईनं पदर पुढे केला. नागली पदरात पडली आणि आईचा बांध फुटला. आयुष्यात मी तिला असं परक्या दारात रडताना पाहिलं नव्हतं.

“तो किडा आमचा होता,” आई म्हणाली. “तिचा नव्हता. किडा आमचा होता.”

सून गोंधळली. “कोनचा किडा?” तिनं विचारलं. आई पदरातल्या दाण्यांकडे बघत रडतच होती. तेव्हा सुनेला वाटलं, आईला आत्ता पदरातल्या नागलीतच काही दिसलं. तिनं मुलाला खाली ठेवलं, घाईनं पुढे आली, आणि आईच्या पदरात बोटं घालून दाणे वरखाली करून बघायला लागली. तिच्या मनात भीती होती, आम्ही तो दाणा नाकारू याची.

“नाय गं बाय,” ती आईची समजूत घालत म्हणाली, “बघ ना. नागलीला किडा नाय लागं.”