क्रमांक सातचा दगड

बसऱ्याचे आबा चालताना समोर बघत नसत, जमिनीकडे बघत. वाटेत एखादा बरा दगड दिसला की वाकून उचलायचे, तळहातावर तोलायचे आणि होता तसाच परत ठेवायचे. लोणावळ्यात दगडांना काय तोटा? पण आबांना त्यांची विचारपूस केल्याशिवाय पुढे जाववत नसे. माझे वडील तिथल्या शाळेचे हेडमास्तर आणि आबा त्याच शाळेचे शिपाई. मुलं हसली की ते म्हणायचे, "तुमाला लय मिळत्यात, म्हून हसताय."

मुलांनो, तुम्ही वाळवंटाच्या देशात राहता, म्हणून तुम्हाला आबांविषयी लिहिते. वाळवंट पाहिलेला मला भेटलेला तो पहिला माणूस. पहिल्या महायुद्धात ते पलटणीच्या खेचरांबरोबर बोटीने इराकातल्या बसऱ्याला गेले होते. खेचरांसाठी रोज गवत कापायचं, एवढंच त्यांचं युद्ध.

भूगोलाच्या पुस्तकात वाळवंट म्हणजे वाळू आणि उंट. वडील नकाशा लावून ते शिकवू लागले की आबा घंटेचा हातोडा हातात घेऊन दाराशी उभे राहत. एकदा न राहवून म्हणाले, "मास्तर, वाळू हाय, पण लांब. आमी हुतो तितं निस्ता गाळ. सारवलेल्या खळ्यावानी सपाट. अन् दगड म्हणशीला तर एक न्हाई." वडिलांनी पुस्तक मिटलं आणि त्यांना खुर्ची दिली. आबा खुर्चीत बसले नाहीत, पण तो तास त्यांनीच घेतला. पाऊस पडला की तो गाळ बूट ओढून घेई. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडत आणि वर मीठ फुटे. दुपारी लांबवर नसलेलं तळं दिसे. पहिल्या आठवड्यात खेचरंसुद्धा फसली, पुढे त्यांनी मान वर करायचं सोडलं. झाडं फक्त नदीकाठी, तीही खजुराची. चूल मांडायला तीन दगड मिळेनात, म्हणून बिस्किटांच्या डब्यात माती भरून चूल केली.

परक्या मुलखात राहायचं कसं, याचा त्यांचा एकच नियम होता. आधी बोली शिकायच्या मागे लागायचं नाही, आधी कुठे बसायचं ते शिकायचं. आबांनी निघताना इंद्रायणीतला एक दगड पिशवीत टाकला होता, विळ्याला धार लावायला. तिकडे एक म्हातारा अरब नावाडी बोरू कापायला येई. त्याने तो दगड पाहिला आणि काही न बोलता आपला विळा पुढे केला. मग रोज सकाळी दोघे नदीकाठी त्या दगडाच्या दोन बाजूंना बसत. धार झाली की म्हातारा मूठभर खजूर ठेवून जाई. "वरीसभर आमी येकमेकाला नावसुदिक इचारलं न्हाई," आबा सांगत, "पर ज्या दिशी तो आला न्हाई, त्या दिशी मला जेवान ग्वाड लागलं न्हाई."

त्या दगडाचं पुढे काय झालं, हे मात्र ते सांगत नसत. ते मला माझ्याच चुकीमुळे कळलं.

दहा वर्षांची असताना मला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लावायचं वेड होतं. (ते अजून आहे, तुमची आई सांगेल.) मी शाळेच्या कपाटात दगडांचा संग्रह मांडला होता. प्रत्येकावर खळीने चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक आणि ठिकाण. शाळेमागच्या जांभळीच्या ढोलीत मला एक गुळगुळीत दगड सापडला, मधोमध खोलगट झिजलेला. नदीतला आहे हे दिसत होतं. मी चिठ्ठी लावली: क्रमांक ७, इंद्रायणी.

दोन दिवस आबा जांभळीभोवती काहीतरी शोधत होते. तिसऱ्या दिवशी कपाट झाडताना त्यांना तो दिसला. "ताई, ह्यो तू घरात न्हेला न्हवतास ना?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि मग सगळं सांगितलं.

त्यांच्याबरोबर वराळ्याचा तानाजी होता. तो तिकडे तापाने गेला. चितेपाशी मडकं फोडायला दगड लागतो, आणि मग त्याच दगडात दहा दिवस गेलेल्याचा जीव आहे असं धरतात. त्याला जीवखडा म्हणतात. पलटणीतले चौघे कोसभर हिंडले, खडा मिळाला नाही. शेवटी आबांनी आपला धारेचा दगड दिला. दहाव्या दिवशी तो पाण्यात सोडायचा असतो. आबांनी हात नदीत घातला, पण मूठ उघडेना. त्या सगळ्या गाळात आपल्याकडचा तेवढा एकच दगड.

परत आल्यावर ते वराळ्याला गेले. सरकारी कागद तिथे आधीच पोचला होता, पण तानाजीच्या बायकोने, चंद्रामावशीने, कुंकू पुसलं नव्हतं. ती म्हणाली होती, "तुमी सांगताय ते खरं आसंल भावजी. पर माज्या हातात काय हाय?" दगड तेव्हा गावाबाहेर झाडाखाली, पिशवीत होता. जीवखडा कुणाच्या घरात न्यायचा नसतो, त्याचं नावही दारात काढायचं नसतं. म्हणून आबा गप्प राहिले. दर दिवाळीनंतर ते वराळ्याला जात, तिच्या ओट्यावर बसत, पीकपाण्याचं बोलत आणि परत येत. अशी दहा-अकरा वर्षं गेली होती.

मी विचारलं, "मग मावशींना नदीवर का नाही बोलावलं?"

आबांनी दगड चिठ्ठीसकट उचलला आणि परत जांभळीच्या ढोलीत नेऊन ठेवला.

रविवारी वडिलांना विचारून ते मला बरोबर घेऊन निघाले. तळेगावपर्यंत आगगाडी, पुढे पायी. ते इंद्रायणीच्या काठी थांबले आणि मावशीला बोलावायला मला धाडलं. मावशी शेतातूनच आली, कमरेला विळा खोचलेला. आबांनी दगड तिच्या हातात दिला आणि दोन वाक्यांत सांगितलं. ती रडली नाही. झिजलेल्या खोलगटीतून अंगठा फिरवत राहिली. मग चिठ्ठीकडे बोट करून मला विचारलं, "काय लिवलंय?"

"क्रमांक सात, इंद्रायणी."

"म्हंजी घरी आलाय." मग आबांकडे वळून म्हणाली, "इतकी वर्सं माजा च्या पिऊन जाताय भावजी, येकदा तरी म्हणायचं."

"दारात कसं म्हणू, वैनी?"

"मग दाराभायेर म्हणायचं. नदी काय आज आलीया?"

मावशीने विळा काढला, दगड ओला केला आणि सावकाश, दोन्ही अंगांनी धार लावली. मग गुडघाभर पाण्यात गेली, दगड सोडला आणि ओंजळीने तोंड धुतलं. वळली तेव्हा कपाळ मोकळं होतं. काठावर येऊन म्हणाली, "चला, भाकरी खाऊन जावा. पोरगी सकाळची उपाशी आसंल."

परतीच्या वाटेवर आबांनी एकही दगड उचलला नाही. पुढेही कधी उचलला नाही. माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी ते गेले. त्यांच्या दहाव्याला वराळ्याहून मावशी चालत आली होती, असं वडिलांनी पत्रात लिहिलं.

माझ्या संग्रहात सातची जागा मी रिकामीच ठेवली. तुमच्या पार्सलात लाडवांच्या डब्याखाली फडक्यात गुंडाळलेला दगड आहे, तो क्रमांक आठ. मी स्वतः जाऊन नदीतून निवडून आणला आहे. पार्सल सोडवताना कुणी विचारलं तर सुरीला धार लावायचा आहे म्हणून सांगा, आणि खरोखरच लावा. शेजारी कुणी मागितला तर त्याला बसायला जागा द्या.