एकतीस पुंगळ्या

बायको, मार्वा, गेल्यावर चार महिन्यांनी वेंडेल ओस्ट्रमला कळलं, की आपण समजत होतो तेवढे चांगले नेमबाज कधीच नव्हतो. एकाहत्तराव्या वर्षी असलं काही कळू नये. त्या वयात माणसाकडे दोन-चारच मोठेपणाच्या गोष्टी उरलेल्या असतात आणि त्यांना कुणी हात लावलेला खपत नाही.

नेब्रास्कातल्या त्याच्या गावात दर मंगळवारी दुपारी नेमबाजी क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये रिव्हॉल्व्हरवाले म्हातारे-म्हाताऱ्या जमतात. पन्नास गोळ्या झाडायच्या, कागदावरची भोकं मोजायची, एकमेकांची उणीदुणी काढायची आणि मग चिलीचा, म्हणजे राजमा घातलेल्या तिखट खिम्याचा, वाडगा अन् त्याबरोबर दालचिनीचा गोड रोल खायचा. नेब्रास्काबाहेरचे लोक या जोडीला नाकं मुरडतात. मुरडू देत.

वेंडेलला हा मंगळवार किती लागतो हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते दिसत होतंच. मुलगी ओरेगॉनला, रविवारी फोन करून तिकडचं हवामान सांगते, इकडचं विचारते आणि ठेवते. बाकी आठवडाभर बोलायला पोस्टातली बाई, तीसुद्धा पार्सल आलं असेल तर. बुधवारपासून तो पुढच्या मंगळवाराची वाट बघायला लागायचा.

नोव्हेंबरपासून तो मार्वानं भरून ठेवलेली काडतुसं वापरत होता. घरातली सगळी काडतुसं तीच भरायची, दोघांचीही. झाडून झालेली पितळी पुंगळी साफ करायची, तळाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून बंदुकीची दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबायची. डब्यांवर तिच्या बारक्या अक्षरात तारीख असायची. मार्चच्या पहिल्या मंगळवारी शेवटचा डबा संपला. रिकामा डबा त्यानं गाडीत पुढच्या सीटवर ठेवून घरी आणला, आणि पुढच्या मंगळवारी दुकानातली काडतुसं घेऊन शेडमध्ये उभा राहिला.

पहिल्याच गोळीला उजव्या मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली. ते मनगट धान्याच्या कोठारावर काम करताना यंत्राच्या पट्ट्यात सापडून मोडलेलं, जुळलं ते वाकडंच. दहाव्या गोळीपर्यंत रिव्हॉल्व्हर सरळ धरता येईना. पन्नासातल्या चौदा गोळ्या कागदालासुद्धा लागल्या नाहीत. वेंडेलनं दुकानाला शिव्या घातल्या, नव्या बनावटीला शिव्या घातल्या, शेडमधल्या उजेडालाही सोडलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

गेर्डा हॅन्के चिलीचा वाडगा घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली. गेर्डा क्लबची चिटणीस, वय अठ्ठ्याहत्तर, आणि जिभेला हाड नाही. मार्वाला काडतुसं भरायला शिकवलं ते हिनंच.

"मनगट दुखतंय ना?" तिनं विचारलं.

"काडतुसं बेकार आहेत."

"काडतुसं ठणठणीत आहेत. तुझी मार्वा वेगळी भरायची, हलकी. दारू कमी, म्हणजे हाताला धक्का कमी. तुझा हात मोडला तेव्हापासून. अकरा वर्षं."

वेंडेल म्हणाला, "मला कधी बोलली नाही."

"बोलली असती तर तू हट्टानं जड मारली असतीस आणि मनगट पुन्हा मोडून घेतलं असतंस. अख्ख्या शेडला माहीत होतं, वेंडेल. तुला सोडून."

त्याला आधी राग आला. गाडी चालवताना तो सबंध रस्ताभर रागावलेलाच होता, कुणावर ते ठरत नव्हतं. घरापाशी इंजिन बंद केल्यावर राग उतरला आणि जे खाली उरलं ते फार वाईट होतं. अकरा वर्षं एक बाई त्याला मिरवू देत होती आणि त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं, की तू खाली तळघरात करतेस तरी काय.

तसं विचारायची सोयही नव्हती म्हणा. रविवारी चर्चहून आल्यावर, जेवण झालं की मार्वा तळघरात जायची आणि दाराच्या मुठीवर एक लाल विणलेला हातमोजा अडकवायची. तो मोजा लटकतोय तोवर घरात रेडिओ नाही, टीव्ही नाही आणि हाक तर मुळीच नाही. ज्यांच्या घरी काडतुसं भरली जातात त्या सगळ्यांकडे असला काहीतरी कडक नेम असतोच. भरणाऱ्याचं लक्ष एकदा उडालं की एखादी पुंगळी रिकामी राहते, नाहीतर एकीत दारू दोनदा पडते. रिकामी असली तर गोळी नळीतच अडकून बसते. दोनदा पडली तर रिव्हॉल्व्हर हातात फुटतं. म्हणून मार्वाचा मोजा. वेंडेल वर पेपर घेऊन बसायचा, खालून गोळ्या दाबायच्या प्रेसच्या दांड्याचा खट् खट् आवाज ऐकायचा आणि मनात कुढायचा, की आठवड्यातली एक दुपार आणि तीही ही बाई दार लावून बसते.

आता दोनच वाटा होत्या. काडतुसं स्वतः भरायला शिकायची, नाहीतर मंगळवार सोडायचा. दुसऱ्या वाटेचा विचार त्यानं नीट करून बघितला, एक सबंध बुधवार. गुरुवारी सकाळी तो तळघरात उतरला.

ऑक्टोबरनंतर तिथं कुणी गेलंच नव्हतं. दिव्याची दोरी ओढली तर सगळं जसंच्या तसं. प्रेस, छोटा तराजू, भिंतीवर चष्म्यासाठी खिळा. टेबलावर भोकं पाडलेली लाकडी पाटी, आणि पाटीत पन्नास पुंगळ्या उभ्या. एकतिसांत दारू होती. एकोणीस रिकाम्या. शेजारी दारू मोजायचं यंत्र, त्याच्या वरच्या पारदर्शक नळ्यात अजून अर्ध्यापर्यंत काळे बारीक कण. वही उघडी पडलेली. तिच्यात शेवटच्या ओळीला तारीख, पुढे 'पन्नास', पुढे 'वेंडेल, हलकी'. दारूचं नाव लिहायचा रकाना मात्र कोरा. तो ती काम संपल्यावर भरायची.

वेंडेल स्टुलावर बसला. एकतीस पुंगळ्या तिच्या हातच्या, त्याच्यासाठीच्या. वर नुसती गोळी दाबायची बाकी. एवढं केलं की येता मंगळवार तिच्याच काडतुसांवर निघेल, आणि उरलेल्या एकोणिसांना नळ्यातली पुरेल. त्याला चार महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. तरी दांड्याला हात लावण्याआधी त्यानं गेर्डाला फोन केला, एवढी अक्कल त्याला होती.

गेर्डा कोट न काढताच जिना उतरली. पाटी बघितली, नळा बघितला, वही वाचली. मग फळीवर रांगेनं ठेवलेले दारूचे तीन डबे बघितले.

"ओतून टाक," ती म्हणाली. "सगळं. परसात."

"मार्वानं भरलंय ते."

"मार्वानं काय भरलंय ते सांग मग."

वेंडेलनं फळीवरच्या मधल्या डब्याकडे बोट दाखवलं. ते कण याच डब्यातल्यासारखे दिसतात, म्हणाला. गेर्डानं सांगितलं, की दिसायला सगळेच काळे असतात, आणि या तीनपैकी एक दारू अशी आहे की दुसरीच्या मापानं घातली तर त्याचं वाकडं मनगट जागेवर राहणार नाही. तराजूवर तोलू या, तो म्हणाला. तराजू किती ते सांगेल, कोणती ते नाही सांगणार, ती म्हणाली. वहीत मागे लिहिलेलं नाव त्या वेळचं, या पाटीचं नाही. नाव नसलेली दारू वापरायची नाही, मग ती देवानं स्वतः भरलेली का असेना. हे ती गेली पन्नास वर्षं प्रत्येक नव्या माणसाला सांगत आली होती आणि वेंडेलसाठी त्यात सूट नव्हती.

"पण मार्वा असं ठेवायची नाही," गेर्डा आता स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "डबा नेहमी यंत्राशेजारी. उठायच्या आधी नळा रिकामा. मीच शिकवलंय तिला. हे असं अर्धवट टाकून ती उठलीच कशी?"

वेंडेल जिन्याकडे बघत म्हणाला, "मी हाक मारली."

त्या रविवारी दुपारी फोन वाजला होता. इस्पितळातून, मार्वाच्या तपासण्यांचा निकाल सांगायला. रविवारी तिथून फोन येतो म्हणजे काय, हे त्याला रिसीव्हर उचलतानाच कळलं होतं. मोजा मुठीवर लटकत होता. त्रेचाळीस वर्षांत त्यानं तो नेम कधी मोडला नव्हता. त्यानं दार उघडलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवरून मार्वाला हाक मारली. फळीवर रांगेनं लागलेले ते डबे बघितल्यावर आता त्याच्या ध्यानात आलं, की हाकेनंतर लगेच ती वर आली नव्हती. आधी तिनं डबा उचलून फळीवर ठेवला होता. एवढंच तिला सुचलं. मग चष्मा खिळ्याला लावून ती वर आली, फोन घेतला, आणि पुन्हा तळघरात गेलीच नाही. सहा आठवड्यांत सगळं आटोपलं.

"मोजा होता ना दाराला," वेंडेल म्हणाला. "तरी मी हाक मारली."

गेर्डानं कोटाच्या खिशातून रुमाल काढला, पण त्याला दिला नाही, स्वतःचंच नाक पुसलं. "मग काय," ती म्हणाली, "फोन वाजत ठेवणार होतास?"

निघताना ती फळीवरच्या, काडतुसांची मापं दिलेल्या पुस्तकावर टिचकी मारून गेली. दोनदा वाच म्हणाली, मगच यंत्राला हात लाव. आणि टेबलावर एका वेळी एकच डबा.

शुक्रवारी तो एकेक पुंगळी उचलून वाडग्यात उपडी करत गेला. एकतीस वेळा. मग नळा. ऊन पडलं होतं, परसातलं बर्फ कुंपणापाशीच तेवढं उरलं होतं. मार्वानं लावलेल्या ऱ्हुबार्बच्या, त्या आंबट देठांच्या भाजीच्या, वाफ्यात त्यानं ती काळी पूड हातानं पातळ पसरली, माती वरखाली केली. झाडांना चांगली असते म्हणतात. वाफ्याशी गुडघे टेकून तो रडला. शेजारच्या घरात कुणी नव्हतं, असतं तरी फरक पडला नसता.

पुस्तक त्यानं दोनदा वाचलं, गेर्डाच्या धाकानं तिसऱ्यांदाही चाळलं. वहीत मागच्या पानांवर त्याची हलकी काडतुसं ओळीनं लिहिलेली होती, दारूच्या नावासकट, मापासकट. ते माप त्यानं पुस्तकाशी ताडून बघितलं. बरोबर होतं. मार्वाचं कधी चुकायचं?

रविवारी चर्चहून आल्यावर, उरलेलं सूप गरम करून खाल्ल्यावर, तो तळघराच्या दाराशी आला. लाल मोजा आतल्या हुकावर होता. त्यानं तो काढून बाहेरच्या मुठीवर अडकवला. घरात दुसरं माणूस नाही, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण नेम तो नेम. दार लावून घेतलं, चष्मा लावला, डबा यंत्राशेजारी ठेवला आणि वहीत आधी दारूचं नाव लिहिलं. गेर्डानं सांगितलं होतं तसं, प्रत्येक पुंगळी भरल्यावर दिव्याखाली धरून आत बघायची, मगच पाटीत उभी करायची. काम सावकाश चाललं होतं. वरचं घर इतकं शांत होतं की स्वयंपाकघरातलं घड्याळ खालपर्यंत ऐकू येत होतं.

एकतिसावी भरून झाली आणि त्याचा हात आपोआप थांबला. मान जिन्याकडे वळली. तो तसाच बसून राहिला, बराच वेळ, कान देऊन.

कुणीही हाक मारली नाही.

मग त्यानं बत्तिसावी उचलली.