दारासमोरची भिंत

नव्या मोबाइलच्या काचेवरची पातळ फिल्म सोलली की प्लास्टिकचा जो वास येतो, त्याने मला शिळफाट्यावरचं फोटोचं दुकान आठवतं. वडिलांचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं आणि त्यांचा मोठा फोटो ॲक्रिलिकवर छापून घ्यायला मी आईला घेऊन तिथे गेलो होतो. दुकानात नमुना म्हणून एका चित्राची प्रत लावलेली होती. निळ्यावर पसरलेला केशरी रंग, मधून एक काळा पट्टा, ओळखू येईल असं काहीच नाही. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हेच दे." "मावशी, हे नुसतं डिझाइन हाय," दुकानदार म्हणाला. "दिसतंय मला." वडिलांचा फोटो माझ्या खिशातच राहिला. खालापूरजवळच्या आमच्या घरी तिने ते चित्र दारासमोरच्या भिंतीवर, वडिलांच्या खुर्चीच्या वर लावून घेतलं. श्राद्धाला आलेले काका उंबऱ्यातच थांबले. "वयनी, दादाचा फोटो कुठंय? ह्यात तर कोणच नाय." घरभर पाहुणे होते. आई पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाली, "म्हणून तर आणलं, भावजी. चाळीस वर्षं मी दारातून आत आले की पयली त्यांची नजर. कुठं गेलतीस, एवढा येळ का लागला. आता तिथून कोण बघणार नाय मला." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्रावळी मांडत राहिलो. चित्र अजून तिथेच आहे, आणि त्याच्याखालच्या खुर्चीत आता आई बसते.